खूण मीच केली होती

त्या अर्जात दोनच चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं 'कार्यालयातून' आणि दुसऱ्यापुढे 'घरून'. खाली बारीक अक्षरांत दोन वाक्यं होती : 'निवड पूर्णपणे आपली आहे. एकदा केलेली निवड वर्षभर बदलता येणार नाही.' शहाण्या माणसाने दुसरं वाक्य दोनदा वाचलं असतं. मी पहिलंच तीनदा वाचलं. निवड पूर्णपणे आपली! सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कंपनीने मला बसायची खुर्चीसुद्धा निवडू दिली नव्हती. (जी दिली होती, तिचं एक चाक मी रुजू होण्याआधीच कुणीतरी निवडून नेलं होतं.) मी छाती फुगवून 'घरून'वर खूण केली आणि अर्ज पाठवून दिला. सगळा कारभार दोन मिनिटांत आटोपला.

मी लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहितो. लिफ्ट मधेच अडकली, चौथ्याऐवजी सातव्या मजल्यावर उघडली, दार कुणाच्या तरी छत्रीवर मिटलं, की त्या माणसाला माझं पत्र जातं. 'आपणांस झालेल्या गैरसोयीची नोंद घेण्यात आली आहे. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' नोंद कुणी घेतली, कार्यवाही कोण करणार, याचा पत्रात पत्ता लागत नाही. तो लागू न देणं यालाच आमच्याकडे अनुभव म्हणतात.

तर 'घरून'वर खूण करण्याचं कारण बायको.

ती चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कंपनीत आहे. कुणाच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्या डोळ्याला जाऊ नये, ही जबाबदारी तिची. आधीची दोन वर्षं दोन्ही कंपन्यांनी आम्हाला घरीच बसवलं होतं. ती आतल्या खोलीत, मी जेवायच्या टेबलावर. मधल्या दारातून तिचा आवाज यायचा, "डावा उणे दोन, उजवा उणे सव्वादोन, हो, उजवाच." दुपारी एक वाजता दोघं एकत्र जेवायचो. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. पण कामाच्या दिवशी, भर उजेडात, समोरासमोर बसून असे आम्ही कधी जेवलो नव्हतो. चार वाजता चहा. चहा घेताना ती पाय वर घेऊन बसायची आणि काही बोलायची नाही. ते न बोलणं मला फार आवडायचं. पण असलं काही आपण बायकोला सांगतो थोडंच!

त्या संध्याकाळी मी तिला आत बोलावलं आणि मोठी बातमी द्यायच्या थाटात म्हणालो, "ऐक. मी कायमचं घरून काम निवडलं!"

तिचा चेहरा पडला.

"अहो, पण मी तर आज दुपारीच 'ऑफिसातून' लिहून दिलं."

"ऑफिसातून? का?"

"का म्हणजे? तुम्हीच म्हणायचात ना, 'तुझ्या आकड्यांनी माझं डोकं उठतं'? म्हटलं, तुम्हाला घर मोकळं मिळू दे."

"अगं, मी तुझ्यासाठी घर निवडलं!"

"मग मला विचारलंत का?"

"तू मला विचारलंस का?"

मग तिने तिच्या कंपनीला आणि मी माझ्या कंपनीला कळवून पाहिलं. दोन्हीकडून एकसारखं उत्तर आलं, 'आपल्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे.' (आमच्याकडचं उत्तर तर मीच लिहिलेल्या नमुन्यावरून होतं. इतकं निर्जीव पत्र मी आयुष्यात वाचलं नव्हतं.)

मग सुरू झालं माझं स्वातंत्र्य.

सकाळी आठला ती निघायची. दार मिटलं की जिन्यात तिच्या चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू यायचा आणि मग काहीच ऐकू यायचं नाही. सांगायला लाज वाटते, पण पहिले काही दिवस मी खिडकीतून ती वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहायचो. ती वर बघायची नाही. बघायची गरजच काय? घरी मी असणारच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नंतर घर माझं. वाटेल तेव्हा अंघोळ करा, वाटेल तिथे बसा, कुणी विचारणार नाही. मी एकदा खिडकीपाशी बसावं की भिंतीपाशी, हे ठरवण्यात चाळीस मिनिटं घालवली आणि शेवटी पलंगावर आडवा झालो. ऑफिसात कसं बरं होतं! काम झालं नाही तर सांगायला कितीतरी कारणं असायची. शेजारचा मोठ्याने बोलतो, पंखा कागद उडवतो, साहेबांनी ऐन वेळी बोलावलं. घरी पंखा माझा, कागद माझे आणि बोलायला चिटपाखरू नाही. काम झालं नाही की सरळ एकच नाव पुढे यायचं. मी ते घ्यायचं टाळायचो आणि बायकोचं घ्यायचो.

"तुझ्यामुळे मी घरात अडकलो," असं मी तिला दर दोन दिवसांनी ऐकवत होतो. आधी ती उत्तर द्यायची. नंतर देईनाशी झाली. मग ती उशिरा यायला लागली.

दुपारी एक वाजता मी कितीदा तरी सवयीने दोन ताटं काढली. एक परत ठेवताना त्याचा जो आवाज होतो, तो रिकाम्या घरात फारच मोठा होतो. आतल्या खोलीत तिची खुर्ची होती, तिच्या पाठीला तिची उशी होती. मी कधीकधी दारात उभा राहून उगाच म्हणायचो, "डावा उणे दोन." उत्तर यायचं नाही.

आमची मुलगी दुसऱ्या गावी तत्त्वज्ञान शिकते. (कशासाठी शिकते, हे मी तिला एकदा विचारलं होतं. तिने 'कशासाठी' या शब्दावरच अर्धा तास घेतला.) एके दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, सध्या अस्तित्ववाद चाललाय."

"कुणाशी?"

"वाद नाही रे, अस्तित्ववाद. वर्गात. माणूस स्वतंत्र असतो म्हणजे काय, ते."

"मला शिकवू नकोस. मी सात महिने स्वतंत्र आहे. तुझ्या आईमुळे मला घरात बसावं लागलंय."

"खूण कुणी केली होती?"

"खूण झाली माझ्याकडून."

"बघ! 'खूण झाली', 'बसावं लागलं'. बाबा, तुझ्या वाक्यांत कर्ताच नसतो. एकदा 'मी'ने वाक्य सुरू करून बघ."

"मी तसं कधी म्हणालो नाही!"

"हे म्हणालास ना. असंच."

मी फोन ठेवला. आजकालची मुलं बापाचं व्याकरण काढतात.

पण त्या फोनचा एक परिणाम झाला. आपण काहीतरी करायचं, असं मी ठरवलं. ऑफिसची जी हुरहुर लागली होती, तिच्यावर उपाय म्हणून रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालायचे, बूट चढवायचे, खांद्याला बॅग लावायची, दार ओढून खाली उतरायचं, इमारतीला एक फेरी मारायची आणि परत वर येऊन 'कामावर हजर' व्हायचं. बरं वाटायचं. फाटकातून आत शिरताना तर मी एकदा वॉचमनला ओळखपत्रही दाखवलं. तो बिचारा घाबरून उभा राहिला.

एका मंगळवारी साडेअकराला माझी मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग होती. लॅपटॉप उघडून, मीटिंग लावून, कॅमेऱ्यासमोर रिकामी खुर्ची नीट सरळ करून मी दहाला फेरीला निघालो. मीटिंग दीड तास आधीच का लावली? रेंगाळू नये म्हणून. फेरी मारून वर आलो, खिशात हात घातला आणि किल्ली नाही. दुसऱ्या खिशात फोनही नाही. दोन्ही आत, टेबलावर, लॅपटॉपशेजारी. आमचं दार नुसतं ओढलं तरी कुलूप बसतं. आतून मीटिंगचं संगीत ऐकू येत होतं. मी माझ्याच दारावर टकटक केली. (आत कुणी असेल असं मला का वाटलं, कोण जाणे. बहुतेक सात महिन्यांची इच्छा असावी.)

दुसरी किल्ली बायकोकडे. तिचं ऑफिस पायी पस्तीस मिनिटांवर. मी निघालो.

पोचलो तेव्हा घामाघूम झालो होतो. पण टाय जागच्या जागी होता. दाराशी एक मुलगी बसली होती, दोन फोन एकदम उचलणारी.

"मॅडमना भेटायचंय," मी म्हणालो.

"मुलाखतीलाच आलात ना? बसा. चौथा नंबर. हा कागद भरा."

"पण मी…"

"पेन आहे टेबलावर."

आता इथे मला खरं सांगता आलं असतं. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. पण समोर फॉर्म आला की मला राहवत नाही, ही एक गोष्ट. आणि दुसरी म्हणजे, तिथली खुर्ची. काय सांगू! ऑफिसातली खुर्ची, बाजूला पाणी प्यायचं मशीन, आत कुठेतरी कागद अडकून करकरणारा प्रिंटर आणि "अरे, कुणी माझा स्टेपलर घेतला?" अशी हाक. माझे डोळे भरून आले. अनुभव : सत्तावीस वर्षं, असं मी लिहिलं. शेजारी बसलेल्या तीन तरुण उमेदवारांनी वाकून ते वाचलं आणि एकमेकांकडे बघितलं.

काचेच्या भिंतीपलीकडे ती दिसली. हातात काचांचा ट्रे, भोवती चार-पाच जण. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती हसली. मान मागे टाकून, मोकळी. हे हसणं मला ओळखीचं होतं, पण फार जुनं. घरी ते शेवटचं कधी ऐकलं, ते मी आठवत बसलो आणि एवढ्यात हाक आली, "चार नंबर!"

मी उठलो. आत गेलो. मला कुणी ढकललं नाही, हे कबूल करतो.

टेबलापलीकडे दोघं जण होते. मधे साहेब, चष्मा कपाळावर चढवून टेबलावर चष्मा शोधत असलेले. त्यांच्या डावीकडे भरती विभागाच्या बाई, हातात प्रश्नांची यादी. उजवीकडची खुर्ची रिकामी होती.

"बसा," साहेब म्हणाले. "आमच्या ऑर्डर विभागाच्या मॅडम येतायत. ह्या आल्याच."

दार उघडलं आणि माझी बायको आत आली. मला बघून ती तशीच थांबली.

"अहो…" ती म्हणाली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"अहो… साहेब, उशीर झाला, सॉरी," असं म्हणून ती खुर्चीत बसली. माझ्याकडे बघेना. कान मात्र लाल झाले होते.

"सध्या काय करता?" साहेब.

"लिफ्टबद्दलच्या तक्रारींना उत्तरं देतो. घरून."

"वा! मग नोकरी का बदलायची?"

मी बायकोकडे पाहिलं. ती कागदावर रेघा ओढत होती. 'मी हिचा नवरा, किल्लीसाठी आलोय' एवढंच वाक्य बोलायचं होतं. पण साहेबांनी जे विचारलं, ते मला सात महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं.

"घरी करमत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्हाला कंपनीने घरी बसवलं?"

"हो. नाही. मीच खूण केली."

"कुणाच्या सांगण्यावरून?" बाईंनी यादीतून विचारलं.

रेघा ओढणारा हात थांबला.

"कुणाच्याच नाही," मी म्हणालो. "आजवर मी एका माणसाचं नाव घेत होतो. रोज ऐकवत होतो त्या माणसाला. पण ते खरं नाही. त्या माणसाने मला काही करायला लावलं नव्हतं. दुपारी एकला समोर कुणीतरी जेवायला असेल, चारला चहाला असेल, म्हणून मी घर निवडलं. पण त्या कुणालातरी विचारायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" बायको पहिल्यांदाच बोलली. वर न बघता.

"मी विचारलं नाही," मी म्हणालो.

साहेबांनी मान डोलावली. आपल्याला नक्की काय पटलंय, हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं.

"आणि त्या माणसाने तुम्हाला विचारलं होतं का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग त्या माणसाचंही चुकलंच की."

"मॅडम," भरतीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "हा प्रश्न आपल्या यादीत आहे का?"

"पण त्या माणसाला तिथे आता बरं वाटत असेल," मी म्हणालो. "हसताना पाहिलं मी मघाशी."

"दिवसभर कोण हसतं?" बायको म्हणाली. "दुपारी एकला सगळे आपापला मोबाइल समोर ठेवून जेवतात. माणसाला डबासुद्धा संपत नाही." आणि मग एकदम माझ्याकडे नीट बघून, "अहो, पण तुम्ही घर सोडून इथे आलात कसे? साडेअकराला तुमची मीटिंग होती ना?"

"दार ओढलं गेलं."

"ओढलं गेलं?"

"मी ओढलं. किल्ली आत आहे. फोन आत आहे. मीटिंगसुद्धा आत आहे."

तिने पर्स उघडली, किल्ली काढली आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत टेबलावर माझ्यापुढे सरकवली. साहेबांनी आधी किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. कपाळावरचा चष्मा आपोआप घसरून त्यांच्या डोळ्यांवर आला.

"अर्जात तर," ते कागद बघत म्हणाले, "ओळखीच्या कर्मचाऱ्याचं नाव या ठिकाणी तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"घाईत लिहिलं गेलं," मी म्हणालो. बायकोने पाहिलं. "मी लिहिलं," मी म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा पाऊण वाजला होता. मी निघणार, एवढ्यात ती मागून आली. "थांबा. एक वाजतोच आहे." मागच्या जिन्यात, खोकी रचून ठेवली होती तिथे, आम्ही पायरीवर बसलो. तिने डबा उघडला. झाकणात माझं, डब्यात तिचं. फार बोललो नाही. एकदा तिने विचारलं, "तुम्ही ते सगळं खरं बोललात, की मुलाखत होती म्हणून?"

"खरं."

"मला लगेच सांगता आलं असतं साहेबांना, हे माझे मिस्टर म्हणून," ती म्हणाली. "पण म्हटलं, ऐकू तरी. घरी तुम्ही कधी बोलणार?"

चमचा एकच होता. तो आम्ही आळीपाळीने वापरला.

घरी आलो तेव्हा अडीच वाजले होते. मीटिंग संपली होती. पण बाकीच्यांनी तासभर माझ्या रिकाम्या खुर्चीशी चर्चा केल्याचं दिसत होतं. खुर्चीने कशालाच विरोध केला नाही म्हणून पुढच्या तीन महिन्यांची सगळी शनिवारची कामं माझ्या नावावर मंजूर झाली होती. आमच्या मोठ्या साहेबांचं पत्र आलं होतं, 'गैरहजेरीचं कारण कळवावं.' मी लिहायला बसलो. 'काही अपरिहार्य कारणास्तव' एवढं आपसूक लिहून झालं. ते खोडलं. मग लिहिलं, 'मी दार ओढून बाहेर राहिलो, नंतर बायकोच्या ऑफिसात जाऊन नोकरीसाठी मुलाखत दिली आणि तिच्याबरोबर जेवलो.' पाच मिनिटांत उत्तर आलं, 'कृपया खरं कारण कळवावं.'

बायको त्या दिवशी सहाच्या ठोक्याला घरी आली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. चपला काढता काढताच हसायला लागली. मान मागे टाकून.

"काय झालं मुलाखतीचं?" मी विचारलं. (आशा वाईट असते.)

"साहेब खूश होते हो तुमच्यावर! म्हणाले, घराची इतकी ओढ असलेला माणूस आजवर पाहिला नाही. ती जागा त्यांना याच माणसाला द्यायची होती."

"मग?"

"पण ती जागा घरून काम करायची आहे."

मी पलंगावर बसलो.

"मीच नको म्हटलं," ती म्हणाली. "तुम्हाला विचारलं नाही, चुकलं असेल तर सांगा."

"नाही. नाही चुकलं."

"पण मी त्यांच्याकडे दुसरं काहीतरी मागितलं. म्हटलं, मला आठवड्यातून एक दिवस घरून काम करू द्या. ते म्हणाले, नियमात बसत नाही. बसेल असा एकच नियम आहे. मग त्यात बसवलं. उद्यापासून दर बुधवारी मी घरी."

मी उठलो, तिची पर्स उगाचच या खुर्चीवरून त्या खुर्चीवर ठेवली. दर बुधवारी! एक वाजताचं जेवण, चारचा चहा आणि मधल्या दारातून येणारे आकडे.

"कुठला नियम?" मी सहज विचारलं.

"ज्या बायकांना पाच वर्षांखालचं मूल आहे, त्यांना ती सवलत मिळते."

"आणि ती तुला दिली? मुलाच्या वयाचा दाखला नाही मागितला?"

"भरतीच्या बाई मागत होत्या," ती म्हणाली. "पण साहेब म्हणाले, 'दाखला कशाला? मी स्वतः मुलाखत घेतलीय.'"